बाकाखालचं च्युइंगगम

३ नोव्हेंबर
दारव्ह्याच्या बागेत बाकावर बसले. उठताना नवी कोरी साडी फाटली. च्युइंगगम! बाकाखाली हात घातला तर तिथे अख्खी वसाहत. ज्याचं हे काम असेल त्याचा जबडा उखडणार. आजपासून मोहीम.

४ नोव्हेंबर
शस्त्रं: पोळ्या उलटायचा सराटा, हातोडी, बर्फ. बर्फाने गम कडक होतं, मग घाव घालायचा. बी.एस्सी. उगीच नाही झाले. गम निघालं. बाकाची टाइलही निघाली. आधीच सैल असणार.
शेजारच्या बेबीताई म्हणाल्या, त्या बाकाले कायले मारून राह्यल्या ताई, त्यानं का केलं? दुर्लक्ष केलं.

७ नोव्हेंबर
ह्यांचा तंबाखू-सुपारीचा खर्रा सुटून दोन महिने झाले. खर्ऱ्याने आवळलेल्या तोंडात दोन बोटं जेमतेम जायची, आता तीन जातात. डॉक्टर म्हणतात, गोळ्यांचा गुण. गुण माझ्या धाकाचा. त्या गोळ्या चघळताना जबडा म्हशीसारखा हलतो. घरात चालणार नाही, पहिल्याच दिवशी बजावलं. बिचारे संध्याकाळी बागेत जाऊन चघळतात. पहाराही होतो. म्हटलं, गम चिकटवणारा दिसला तर धरून ठेवा. हो म्हणाले. मान खाली घालून.

९ नोव्हेंबर
रोज खरवडते, रोज नवं. शत्रू निर्ढावलेला आहे.
तोंड हलवणाऱ्या एका कॉलेजकुमाराच्या पाठीत छत्री घातली. छत्री मोडली. काकू, बडीशेप आहे, म्हणत त्याने जीभ काढून दाखवली. बडीशेपच होती. उद्या गमही खाईलच. शिक्षा आगाऊ झाली.

१२ नोव्हेंबर
आता मुळावरच घाव. पानठेल्यावरची गमची बरणी रस्त्यावर आपटली. मग मेडिकलवाला धर्मपाल. काउंटरवर हातोडी ठेवली. तो म्हणाला, मॅडम, माह्याकडचं औषधाचं हाये, तुमच्याच घरी... वाक्य पुरं होऊ दिलं नाही. काच जरा तडकली. म्हणाला, नाही ठेवत बाप्पा, एकही नाही ठेवत!

१६ नोव्हेंबर
तिन्हीसांजेला बोगनवेलीआड काठी घेऊन दबा धरला. एक माणूस वाकून बाकाखाली चाचपत होता. मनगटावर हाणली.
पाहते तर आमचे हेच निघाले. किल्लीने जुनं गम खरवडत होते. किती साथ! गोळा तोंडाजवळ कशाला नेला विचारलं तर म्हणाले, वास घेऊन पाहत होतो. चौकसपणा माझ्याकडूनच आला असणार.

२३ नोव्हेंबर
आठवडाभर बाकाखाली एकही नवं गम नाही. निर्विवाद विजय! बेबीताईंना नेऊन दाखवलं. त्या म्हणाल्या, गम नाही हे खरं, पण ताई, थे बाकामागची भिंत लाल काहून झाली?

२४ नोव्हेंबर
जेवताना ह्यांना वरणसुद्धा तिखट लागलं. आ करायला लावला. दोन बोटं गेली, तिसरं नाही. बाहेर काढली तर लाल. खर्रा.
मी ओरडले. मग तेही ओरडले, लग्नानंतर पहिल्यांदा. त्या गोळ्या नव्हत्याच, खर्रा सोडायचं गम होतं. गावात मिळत होतं ते फक्त धर्मपालकडे.
मी तडक त्याच्याकडे गेले. म्हटलं, एक पाकीट दे. तो म्हणाला, आईची शपथ मॅडम, नाही ठेवलं. म्हटलं, मला हवंय, खरंच हवंय. हातोडी आणली नाही, हे रिकामे हात वर करून दाखवलं.
त्याने शटर ओढलं.