'इतर'च्या रकान्यातले बाबा

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (हल्ली मला खाली वाकता येतं, पण वर उठायला दुसरं कुणीतरी लागतं. तेव्हा तू समोर असल्याशिवाय हा नमस्कार पुरा व्हायचा नाही, एवढं ध्यानात ठेव.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींना कमी ऐकू येतं असं कळलं. आयुष्यभर लाउडस्पीकर भाड्याने दिलेल्या माणसाच्या वाट्याला हे यावं, याचं मला खरंच वाईट वाटतं. पूर्वी वाटलं नसतं. आपलं बोलणं बंद होऊन एकवीस वर्षं झाली. बाबा गेले त्या दिवशी तू आलीस, दाराशी उभी राहिलीस, आणि आपण एकमेकांशी एकेकच वाक्य बोललो: 'चपला इथेच ठेवू का?' मी म्हणालो, 'ठेव.' तेवढ्यावर चार महिने काढले. पुढे बोलायचं तर काहीतरी कारण हवं, आणि आता ते मिळालं आहे.

तर झालं असं. पुढच्या महिन्यात निवडणूक आहे हे तुला ठाऊक असेलच. आपल्या साप्ताहिकाच्या संपादकाने (माझ्या हाताखाली मुद्रितं तपासायला शिकला, आता मलाच 'काका, जरा लवकर' म्हणतो) मतदारसंघाचा पहिल्यापासूनचा निवडणूक इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलं. म्हटलं, निवृत्त माणसाला उद्योग बरा. कचेरीतून कागद आणले, टेबलावर पसरले आणि रकाने आखले. विजयी, दुसरा, तिसरा, आणि शेवटी 'इतर'. पहिल्या काही निवडणुका झरझर भरल्या. मग बाबांची पहिली निवडणूक आली आणि माझा हात थांबला. ताई, बाबा पाच वेळा लोकसभेला उभे राहिले आणि पाचही वेळा 'इतर'मध्ये गेले. एकदा तर अकरा जणांच्या गर्दीत. ज्या माणसाला बसमध्ये दुसऱ्याचा कोपर लागला तरी पुढच्या थांब्यावर उतरून चालत यायची सवय, त्या माणसाला अकरा जणांत कोंबायचं! मी संपादकाला म्हणालो, 'इतर' जरा उलगडून लिहू का? तो म्हणाला, काका, जागा नाही. मग एक मथळा लहान कर म्हणालो. तो हसला. बाबांना लोक हसायचे तसाच, मनात काही वाईट नसताना.

तुला आठवतं का गं सगळं? तू अकरा वर्षांची, मी सात. आईला घेऊन निघालेली गाडी रेल्वेच्या फाटकाशी बावीस मिनिटं उभी होती. मालगाडीचं इंजिन मधेच बिघडलेलं, आणि रुळांपलीकडे दवाखान्याची पाटी वाचता येत होती. बाबांनी घड्याळ लावून वेळ मोजली होती. त्यानंतरची पहिली निवडणूक आली तेव्हा ते उभे राहिले. जाहीरनामा एका ओळीचा: फाटकाच्या जागी पूल. आपल्या टायपिंग क्लासात नऊ यंत्रं, आणि त्या नऊ यंत्रांवर येणारा प्रत्येक विद्यार्थी सरावाला तीच ओळ पन्नास वेळा बडवायचा. ('फाटकाच्या' या शब्दात बोटांना चांगला व्यायाम होतो, असं बाबांचं मत होतं.) मतदारसंघातला सगळ्यांत बिनचूक जाहीरनामा आपला असायचा, पण चुका नाहीत म्हणून कुणी मत देत नाही. शिवाय चिन्हांनी जन्माचं वैर धरलेलं. पहिल्यांदा शिडी मिळाली, ती खांद्यावर घेऊन तू पुढे आणि मी मागे गावभर हिंडलो, आणि दोन घरांनी आपल्याला रंगकाम विचारलं. मग छत्री आली, भर उन्हाळ्यात. मग कंगवा, डोक्यावर एक केस नसलेल्या उमेदवाराला! चौथ्यांदा शिट्टी मिळाली तोवर कवळी बसली होती, त्यामुळे नुसतीच हवा यायची. शेवटी टेबल. टेबलावर कुणी हसलं नाही, कारण तोवर लोकांचा हसायचाही उत्साह संपला होता.

आपल्या केंद्राचे, म्हणजे शाळेतल्या खोली नंबर तीनचे आकडे बाबांकडे होते. एकशे त्रेचाळीस, मग शहाण्णव, मग चाळीस, मग सतरा. विद्यार्थी मोठे होऊन बाहेरगावी गेले, क्लास ओस पडला, यंत्रांवर चादरी आल्या. आणि पाचव्या खेपेला दोन. घरात मतं तीन: बाबा, मी आणि तू. (लग्नानंतरही तुझं नाव इथेच होतं, खास मत द्यायला आली होतीस.) मोजणीचा कागद हातात घेऊन बाबा बाहेरच्या खोलीत बसले होते आणि आपण दोघं त्यांच्याकडे बघत होतो. कुणी काही विचारलं नव्हतं. मीच उठलो आणि तुझ्यावर घसरलो. भाऊजींचे लाउडस्पीकर निवडून आलेल्याच्या प्रचाराला होते, तेवढं मला पुरलं. स्पीकर भाड्याने दिला तसं मतही दिलं असेल, असं मी म्हणालो. शेजारच्या खिडक्या उघड्या होत्या. तू चहाचा कप खाली ठेवलास, बाबांकडे पाहिलंस आणि निघालीस. कप अर्धा भरलेला होता. त्यानंतर बाबा पुन्हा उभे राहिले नाहीत.

तू गेल्यावर सहा वर्षांनी पूल झाला. उद्घाटनाला बाबांना बोलावणं नव्हतं. (तिथेही स्पीकर भाऊजींचे होते म्हणे, असो.) पण दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी घड्याळ लावून पुलावरून चालत पलीकडे जायचे. चार मिनिटं लागायची. घरी येऊन सांगायचे, अठरा मिनिटं वाचली. रोज. मी हो म्हणायचो. दुसरं काय म्हणणार?

आता मुद्द्यावर येतो. इतिहासासाठी आकडे शोधताना बाबांचं कपाट उघडलं, तर टाइप केलेल्या पानांची फाइल निघाली. प्रत्येक निवडणुकीला एक पान, आणि खाली 'पराभवाची कारणे'. पहिल्यात 'शिडी जड होती'. तिसऱ्यात 'कंगवा, याहून अधिक लिहीत नाही'. पाचव्या पानावर जे आहे ते जसंच्या तसं उतरवतो: 'आपल्या केंद्रावर बादली या चिन्हाला एक मत आहे. ते मी दिले. बादलीचे उमेदवार अर्ज भरायला एकटेच आले होते, त्यांचे कुणीच नव्हते, मला वाईट वाटले. मुलांचा यात दोष नाही. हे तेव्हाच सांगायला हवे होते.' कागद नवा आहे, बहुधा गेल्या हिवाळ्यातला. जन्मभर बिनचूक टाइप करणाऱ्या माणसाच्या या एका पानात मला चार चुका सापडल्या. सवयीने पेन्सिल उचलली आणि ठेवून दिली.

म्हणजे बघ ताई, दोष तुझा नव्हता आणि माझाही नव्हता. एका अनोळखी बादलीवर दया आली म्हणून आपण एकवीस वर्षं घालवली. असले बाबा आणखी कुणाला असतील असं वाटत नाही. तेव्हा झालं गेलं विसरून जावं, आणि पहिल्या निवडणुकीत बाबांना सबंध मतदारसंघात किती मतं मिळाली ते आठवत असेल तर कळवावं, कारण तेवढा कागद उंदरांनी खाल्ला आहे. भाऊजींना नमस्कार (जरा मोठ्याने सांग).

तुझा,
धाकटा

ता. क. मतदारयादी पाहिली. बाबांचं नाव अजून आहे, फोटोसकट. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते 'इतर'मध्ये नाहीत आणि आता यायला जमणार नाही. त्यांच्याखाली तुझं नाव आहे, त्याखाली माझं. कुणीच काढलेलं नाही.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवून झालं होतं. चहाच्या आधणाच्या वाफेवर पुन्हा उघडलं, म्हणून कडा चुरगळल्या आहेत. उंदरांचं खोटं आहे. आकडा माझ्याकडे आहे, दोन हजार तीनशे सात. तुला उत्तर द्यायला काहीतरी निमित्त हवं म्हणून लिहिलं.

ता. क. तिसरा. बादलीला मत मी दिलं होतं. तेव्हा चाळिशी जवळ आली तरी माझ्यासाठी स्थळं बघत होते, आणि मुलीच्या वडिलांनी सगळ्यांदेखत विचारलं होतं, 'उभे राहतात ते तुमचेच का?' मी हो म्हणालो, पण हळू. मत द्यायला आत गेलो तेव्हा वाटलं, घरातलं एक मत कमी पडलं तर बाबा आता तरी थांबतील. बोट टेबलावर नेलं आणि शेजारचं बटण दाबलं. बाबा थांबले. आणि तूही यायची थांबलीस. खोलीत मी तुझ्यावर ओरडत होतो तेव्हा ते तुझ्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते. त्यांना तेव्हाच कळलं होतं, ताई. त्यांनी मत स्वतःलाच दिलं होतं, तू त्यांना दिलं होतंस, आणि ती दोन मतं तुम्हा दोघांची. मला वाचवायला त्यांनी आयुष्यात एकदाच खोटं टाइप केलं, आणि ते त्यांना नीट जमलं नाही. मी ते आयतं उचलून तुझ्या गळी उतरवत होतो.

इतिहासात हे लिहायला जागा नाही, म्हणून तुला लिहिलं. उत्तर पाठवू नकोस. भांडायला ये, पण ये. पहिल्या ओळीतला नमस्कार अजून अर्धाच आहे, आणि मला उठवायला घरात कुणी नाही.