कानामागची चकती

प्रिय लंबूदादा,

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. बाबा बरे आहेत. जेवण जातंय, रुसवेफुगवे चालू आहेत, काठीला मात्र हात लावत नाहीत. अर्धांगाचा झटका आल्यापासून शब्द काही फुटत नाहीत, सगळ्याला नुसतं 'हां'. आई म्हणते, लग्नानंतर आमचं एवढं एकमत पहिल्यांदाच होतंय. म्हणते आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसते.

परवा त्यांना आमच्या प्रयोगशाळेत नेलं. मेंदूतला ऐकण्याचा भाग आणि बोलण्याचा भाग अजून एकमेकांच्या तालात चालतात का, हे बघायचं होतं. त्यावरून त्यांच्या बोलण्याचे पुढचे व्यायाम ठरणार आहेत. डोक्याला मलम लावून मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या चकत्यांची टोपी चढवली, तेव्हा बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा पाचवीत गेले. मग एकेक आवाज ऐकवला. आधी एका परक्या बाईचा, मग आईचा, माझा आणि शेवटी तुझा. तुझा म्हणजे फोनवरचा तो जुना निरोप, ज्यात तू मला कपडे धुण्याचं यंत्र कसं लावायचं यावर भाषण ठोकलंयस.

तुझा आवाज सुरू झाला आणि पडद्यावरच्या सगळ्या रेघा एकदम, एका तालात उसळल्या. मी तर हुरळूनच गेले. पण एवढं गोड चित्र आमच्या सरांच्या पचनी पडेना. कानामागे एक चकती असते, बाकी सगळ्या चकत्यांची मोजणी तिच्याशी ताडून होते. तीच हलली तर सगळ्या रेघा एकत्र नाचतात आणि मेंदूतला ताल जुळल्याचा नुसता भास होतो. बघितलं तर ती खरंच सुटली होती. पुन्हा चिकटवली, पुन्हा सगळे आवाज ऐकवले. तुझ्या आवाजाला पुन्हा तेच, चकती सुटलेली. तिसऱ्यांदा मी पडद्याकडे पाहिलंच नाही, बाबांकडे पाहिलं.

आईच्या आवाजाला ते स्वस्थ होते, माझ्या आवाजाला तर चक्क जांभई दिली. तुझा आवाज आला आणि त्यांनी चांगला हात उचलून कानामागे धरला, नीट ऐकू यावं म्हणून. चकती त्यानं सुटत होती.

तू त्यांचं दुकान नाकारून गेलास, तेव्हापासून तुझं एकच पालुपद आहे, 'बाबांना माझा आवाजही नको.' दादा, मेंदूचा ताल जुळतो की नाही, ते मला अजून सांगता येत नाही. गुरुवारी पुन्हा नोंद घ्यायची आहे आणि सरांनी तुझा आवाज यादीतून काढून टाकलाय, कारण तो लावला की नोंद वाया जाते. तिथं तो नकोच. घरी हवाय. ये ना रे.

तुझीच,
कटकट