योगेंद्रच्या बेसची सर्व्हिसिंग

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार
सकाळी रीतावहिनी, योगेंद्रच्या मिसेस, स्वतः गिटार घेऊन आल्या. योगेंद्रची बेस. काळी, चार तारांची, कोपऱ्यांवर रंग उडालेला. योगेंद्रला जाऊन सहा महिने झाले. वहिनी म्हणाल्या, प्रफुल्लभाऊ, याचा जॅक सैल झाला, वायर लावली का करकर करते, तेवढं सोल्डर मारून द्या. बाकी कशालेच हात लावू नका.
मी काय समजायचं ते समजलो. तोंडाने सांगायला संकोच वाटतो माणसाला. भाऊबीजेनंतर त्यांच्या माहेरच्या गावी मंडईची जत्रा भरते. तिथे यंदा योगेंद्रच्या आठवणीत आमचा जुना ऑर्केस्ट्रा एकदाच उभा राहणार आहे. ऑर्केस्ट्राचे मालक भैय्याजी मागेच म्हणाले होते, तू तर लागशीलच बाबा. म्हणजे बेसवर मी.
संकल्प: रोज एक तास रियाज. तंबाखूचा खर्रा बंद. जॅक उद्याच.

१० सप्टेंबर
जॅक राहिला. आधी वाद्याशी ओळख व्हायला पाहिजे.
एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण लोक विसरतात. योगेंद्रला बेस मीच शिकवली. म्हणजे पहिल्या दिवशी त्याची वायर मी लावून दिली होती. पुढे तो आपला आपण शिकत गेला.
व्हॉट्सॲपवर त्याचा व्हॉइस मेसेज आहे, ६ मार्चचा. एक्केचाळीस सेकंद. त्यानंतर तीन दिवसांनी त्याचं हार्ट बंद पडलं. मेसेज अजून ऐकलेला नाही, शेजारचा माइक हिरवाच आहे. नेमकं तेव्हा मी सकाळच्या ड्युटीवर होतो, मिलच्या धर्मकाट्यावर वजनाला ट्रकची रांग होती. सवडीने ऐकू.

१२ सप्टेंबर, दुपारी ४.३०
आजपासून स्लॅप. अंगठ्याने तार ठोकायची, बोटाने दुसरी ओढून सोडायची. अमेरिकेतल्या लॅरी ग्रॅहम नावाच्या बेसवाल्याने हे शोधून काढलं. आईसोबत वाजवायचा, ड्रमर नव्हता, म्हणून तारांनाच ढोलकी केलं. माझ्याकडेही ड्रमर नाही. परिस्थिती तंतोतंत तीच.
चंद्रकला स्वयंपाकघरातून म्हणाली, ठोकाठोकी करून राहिले तं पाटाचा खिळाही ठोकून द्या. घरच्यांना घरच्या माणसाची किंमत नसते.
अंगठ्याला फोड. चांगली खूण आहे.

१४ सप्टेंबर, रविवार
अडचण सापडली. दोष माझ्यात नाही, तारांत आहे. जुन्या, काळपट, चिकट. ठोकल्या की गादीवर काठी मारल्यासारखा आवाज. यूट्यूबवर बघितलं, तारा काढून उकळल्या की नव्यासारख्या होतात. वहिनी हात लावू नका म्हणाल्या होत्या, पण ते बॉडीबद्दल असणार.
चंद्रकला देवळात गेली तेव्हा दुधाच्या गंजात, तिच्या सर्वात मोठ्या पातेल्यात, चारही तारा वीस मिनिटं उकळल्या. पाणी चहासारखं झालं. वर तवंग आला आणि घरभर सुपारी-तंबाखूचा वास सुटला. योगेंद्र खर्रा खायचा आणि त्याच बोटांनी वाजवायचा. क्षणभर वाटलं, तो दारात येऊन उभा आहे.
पाणी मोरीत ओतलं. तारा परत चढवल्या, चांदीसारख्या चमकतात. गंज तीनदा घासला.

१५ सप्टेंबर, सोमवार, ४.१०
दार उघडं ठेवून हे लिहितो आहे.
चार वाजता मी पलंगावर होतो. गिटार कोपऱ्यात भिंतीला टेकलेली. कोणी हात लावला नाही. आणि सर्वात जाड तार वाजली. वाजली म्हणजे गुणगुणली. हळू, एकसुरी, थांबेचना. जवळ गेलो तर तार डोळ्यांना दिसेल इतकी थरथरत होती. बोट ठेवलं, गप्प. बोट काढलं, पुन्हा सुरू.
पितृपक्ष चालू आहे.

१६ सप्टेंबर
पुन्हा. चारला.
चंद्रकलाला सांगितलं. ती म्हणाली, घरामागची राइस मिल चारले चालू होते, माह्ये डबेही वाजतेत, त्यात काय. तिला म्हटलं, गिटार घरात येऊन सात दिवस झाले, आधी का नाही वाजली? ती म्हणाली, मले काय मालूम. म्हणजे मिल नव्हेच.
योगेंद्रच आहे. काय म्हणायचं आहे त्याला? विचार केला. वाजव म्हणतो.

२१ सप्टेंबर, रविवार, सर्वपित्री
चार वाजले, सव्वाचार झाले. तार गप्प. आजच्याच दिवशी का? मग आठवलं, रविवारी योगेंद्र कधी मोकळा नसायचा, लग्नाचे प्रोग्राम असायचे. सवय गेली नाही बिचाऱ्याची.
मिलही आज बंद होती, असं चंद्रकला उगीचच म्हणाली.

२९ सप्टेंबर
रीतावहिनींचा फोन. जॅक झाला का? म्हटलं, पूर्ण सर्व्हिसिंग चालू आहे, घाई करण्यासारखं काम नाही. त्या म्हणाल्या, सर्व्हिसिंग काहून? जॅकच तं होता. मग म्हणाल्या, तारा तशाच आहेत ना? त्याइचा हात आहे त्याच्यावर.
हो म्हटलं. तोंडातून तेच निघालं.
चारला तार वाजली. आज फार वेळ वाजली. मी अंगणात जाऊन उभा राहिलो.

४ ऑक्टोबर
संकल्प, नव्याने: रियाज दोन तास. खर्रा आजपासून बंद. जॅक रिहर्सलच्या आधी. मेसेज ऐकायचा.
अमेरिकेतलाच दुसरा बेसवाला बूट्सी कॉलिन्स चांदण्यांच्या आकाराचा गॉगल घालायचा. बाजारात तसाच मिळाला, गुलाबी. प्रभाव पडला पाहिजे. वाजवण्याचं तंत्र सोपं आहे, पहिल्या मात्रेवर जोरात यायचं, आपल्या समेसारखं. मधल्या मात्रा आपोआप भरतात.

९ ऑक्टोबर
मधल्या मात्रा भरत नाहीत. हवेत दमटपणा आहे.
चार ते साडेचार मी आता घरात थांबत नाही. चौकात पानठेल्यावर असतो. खर्रा एकच.

१२ ऑक्टोबर, रविवार
भैय्याजींच्या घरी रिहर्सल. सविस्तर लिहिणार नाही.
गॉगलमधून गिटारच्या दांडीवरच्या पट्ट्या दिसत नव्हत्या. जॅक करकरत होता. मी तीनदा सुरू केलं. भैय्याजींनी कॅसिओवरचा हात उचलला आणि म्हणाले, प्रफुल्ल, तू काहून वाजवून राहिला? तुले वायरी पाहाले बोलावलं ना गा. वीस वर्षं तूच पाहत होता वायरी.
मी म्हटलं, मग बेसवर कोण?
रीतावहिनींनी हात पुढे केला. गिटार घेतली, पदर खोचला आणि अंगठा मारला. करकर होती तरी कळलं. आठ मात्रा. पहिलीवर ठाम, तिसरीवर काहीच नाही, आणि त्या काहीच नाहीमध्येच सगळी मजा. हुबेहूब योगेंद्र. तेच मले शिकवत होते दोन वर्षांपासून, मी अंगणवाडीच्या ड्युटीवरून आल्यावर, असं त्या म्हणाल्या. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी गेलोच कुठे होतो त्यांच्या घरी!
मग वहिनी थांबल्या. पुन्हा एक तार ठोकली. आवाज खणखणीत आला. त्यांनी गिटार तोंडाजवळ नेऊन तारांचा वास घेतला. मी दुसरीकडे बघितलं.
म्हणाल्या, धुतल्या का तुमी?
दमट हवा, असं काहीतरी मी सुरू केलं. त्यांनी ऐकून घेतलं नाही. रागावल्याही नाहीत. एवढंच म्हणाल्या, खर्र्यावरून किती भांडली मी त्याइच्यासंग, अन् ते गेल्यावर मांगं तोच वास राहिला होता, मी रोज घेत होती. आणि गिटार माझ्या हातात दिली. जॅक तेवढा करून द्या.

१३ ऑक्टोबर, ४.००
आज पानठेल्यावर गेलो नाही. तार वाजायला लागली. समोर बसलो. वाजव म्हणत नाही तो. वेड्यासारखा इतके दिवस स्वतःलाच सांगत होतो.
मोबाइल काढला. हिरवा माइक दाबला. भीती वाटत होती, ती लिहायला आता लाज नाही.
योगेंद्र म्हणाला, प्रफुल्ल्या, जॅक सैल झाला गा. ऐक. मग वाजवलं त्याने. गादीवर काठी मारल्यासारखा आवाज, मध्ये करकर. मग म्हणाला, रीता वाजवते आता याच्यावर. तिले करकरचा त्रास होते. तुले बेस काही आला नाही, पण तुह्यासारखं सोल्डर तुमसरात कोणाले जमत नाही. ये ना एखांद्या दिवशी. चहा घेऊ.
माइक निळा झाला.

१४ ऑक्टोबर
वहिनींकडे गेलो. मोबाइल समोर धरला. त्यांनी तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा डोळे मिटून. मग विचारलं, हे मार्चपासून तुमच्यापाशी होतं?
नेटवर्क नव्हतं म्हणणार होतो. हो म्हटलं.
त्यांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि मेसेज स्वतःच्या नंबरवर पाठवला. चहा केला नाही. बरोबरच आहे.

२६ ऑक्टोबर, रविवार, मंडई
सकाळी सोल्डर मारलं. दुपारी दंडारीचं लोकनाट्य झालं, मग आमचा प्रोग्राम. वहिनींनी वाजवलं. त्यांच्या माहेरच्या बाया उभ्या राहून बघत होत्या. मी स्टेजमागे पेटीवर बसून वायर धरली होती. एकदाही करकर झाली नाही. हे कोणाच्या लक्षात आलं नाही. त्याच्या आलं असतं.

२७ ऑक्टोबर, सोमवार
गिटार वहिनींकडे गेली. चार वाजता मिल सुरू झाली. चंद्रकलाचे डबे वाजले. कोपऱ्यात काहीच वाजलं नाही, तरी साडेचारपर्यंत बसून होतो.
जॅकला किती वेळ लागला ते घड्याळ लावून बघितलं होतं. दहा मिनिटं.