मशिनात राहिलेला होकार

दिंडोशी, गोरेगाव पूर्व
२ जानेवारी २०२५

चि. सुशांत,
काकाचे आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. मनोरीला खाडीचा वारा फार. रात्री मढला शूटिंगला जातोस तेव्हा कानाला रुमाल बांध. कान जपावेत.

तुझ्या बाबांचं तेराव्यापर्यंतचं सगळं पार पडलं. तुझा फोन आमच्या सूनबाईच्या, मानसीच्या मोबाइलवर आला होता. तिने माझ्या हातात दिला, पण हल्ली आमच्याकडे फोनवर खरखर फार, म्हणून मी तो तिला परत दिला. राग मानू नकोस. आमच्या दाराची बेलपण बिघडली आहे. आमचा किरण म्हणतो, बिघडलेली नाही. असो.

पत्राचं कारण म्हणजे तुझं ते आवाज भरायचं मशीन.

दिवाळीत तू ते मानसीकडे दिलंस आणि म्हणालास, बाबा माझ्याशी बोलत नाहीत तर राहिलं, निदान त्यांचं गाऱ्हाणं तरी भरून ठेवा. खरंच आहे. कॉलनीत कोणाची पूजा असो, गणपती असो, देवापुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीने मागणं मागणार, गाऱ्हाणं घालणार तो दादाच. आपण बाकीच्यांनी मागून प्रत्येक वाक्याला ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. दिवाळीत तर त्याच्यात दम उरला नव्हता, पुटपुटल्यासारखा बोलायचा. तरी त्याला खुर्चीत बसवून आम्ही ते भरलं. नंतर लावलं तर काय, नुसतं ‘होय म्हाराजा, होय म्हाराजा’. देवाकडे काय मागितलं त्याचा पत्ता नाही आणि आमचा होकार ठणठणीत. मानसी हसून लोळली. दादापण हसला. म्हणाला, “देवाक आधीच ठावक आसा, मशिनाक कशाक व्हया?”

मला वाटलं सेल उतरले असतील. मी नवे घातले.

नंतर इस्पितळात, दादा गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी, त्याने मला खुणेने जवळ बोलावलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मी मशीन चालू करून त्याच्या उशीपाशी ठेवलं. तो बराच वेळ बोलला. त्याचं ते शेवटचं बोलणं मशिनात आहे, पण तुटतं. मला त्यातलं अक्षर न् अक्षर पाहिजे. तू या आवाजाच्या धंद्यातला, उपाय सांग. पण लिहून पाठव बाबा, आवाजाचा मेसेज नको.

तू म्हणशील, काका, तुम्ही तिथेच होतात ना? होतो. पण जाणाऱ्याचे शब्द दुसऱ्याने आपल्या तोंडाने सांगू नयेत. ते फिरतात.

मशीन कपाटात कपड्यांमध्ये ठेवलं आहे. सेल फुटत तर नाहीत ना? तेही लिही.

स्मशानात तू गेटपाशी उभा होतास. मी पाहिलं.

काका


दिंडोशी
१९ जानेवारी २०२५

चि. सुशांत यास आशीर्वाद.
तू मानसीच्या मोबाइलवर लिहून पाठवलेलं मिळालं. तिने ते मोठ्या अक्षरात मला कागदावर उतरवून दिलं. तू सांगितलंस तसं सगळं केलं. सातवी शिकलेला माणूस आहे, चुकलो असेन तर सांभाळून घे.

सेल काढून दुसरे घातले. तेच. ते नखाएवढं कार्ड काढलं, पुसलं, पुन्हा बसवलं. एकदा हातातून निसटून पलंगाखाली गेलं. मानसीने झाडूने काढून दिलं. मोबाइल लांब ठेवून बघा म्हणालास, म्हणून किरणचा मोबाइल गॅलरीत ठेवला. तेच. मशीन आवाज टाकतंय की मुळात त्याने भरलाच नाही, ते बघायला कार्डातलं किरणच्या कॉम्प्युटरवर घेऊन लावा म्हणालास. लावलं. तिथेही तसंच तुटतं. म्हणजे भरलेलंच नाही, असं किरण म्हणाला. एवढं बोलून तो जेवायला बसला. त्याला काय.

तू विचारलंस, बाबा किती वेळ बोलले आणि मशीन किती वेळ दाखवतं? तो बोलत होता तेवढ्या वेळात नर्स येऊन सलाइन बदलून गेली, बाहेर चहावाला येऊन गेला. मशीन दोन मिनिटंसुद्धा दाखवत नाही. मानसीने तुला तसं कळवलं.

त्यावर तू लिहिलंस, कोपऱ्यात चार इंग्रजी अक्षरं दिसतात का बघा. दिसतात. मानसीने मग करून दाखवलं. मोठ्याने बोलली तेव्हा दिवा तांबडा राहिला. तिने आवाज उतरवला, बाळाला झोपवताना म्हणतात तसं काहीतरी म्हणायला लागली, तर दिवा लुकलुकायला लागला आणि आकडे थांबले. म्हणजे आवाज मोठा असेल तर मशीन भरून घेतं आणि बारीक झाला की आपणहून थांबतं. हे बिघडलेलं नाही तर. त्याला तसं सांगून ठेवलेलं आहे.

सुशांत, त्या संध्याकाळी दिवा लुकलुकत होता. मी बघत होतो ना. दादा बोलत होता आणि दिवा लुकलुकत होता. मला वाटलं, मशीन दादाचा शब्दन् शब्द मोजून घेतंय.

आता मला एवढंच सांग. जे भरलं गेलं नाही ते मशिनात कुठे खाली, मागे साठून राहतं का? एखादा मोठा कारागीर ते वर काढू शकतो का? विहिरीत पडलेलं भांडं गळाने काढतात तसं.

परवा धम्मपाल येऊन गेला. तुझा सासरा म्हणून नाही, दादाचा मिलमधला सोबती म्हणून आला. बस म्हटलं, बसला नाही. दारातच म्हणाला, “सहदेव माझ्या पोरीच्या लग्नाला आला नाही. मी त्याच्या मयताला आलो. फिटलं.” एका डब्यातून जेवणारी माणसं ही. तुमच्या लग्नात दादाने जात धरली ती शेवटपर्यंत. निदान आम्ही तसंच समजत होतो.

आईच्या माघारी दादाला तूच एक होतास. हे आता मी लिहून काय उपयोग.

उत्तर लवकर पाठव. मला झोप लागत नाही.

काका सीताराम


दिंडोशी
३ फेब्रुवारी २०२५

चि. सुशांत,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो.

तुझं उत्तर मानसीने दिलं. देताना ती माझ्याकडे बघत नव्हती. तू लिहिलंस, जे भरलं नाही ते कुठेच नसतं, कोणी काढू शकत नाही. आणि ते बटण तूच चालू ठेवलं होतंस, मनोरीला पहाटे पक्ष्यांचे आवाज भरताना, आणि बंद करायला विसरलास. स्वतःला शिव्या दिल्यास. पुढे लिहिलंस, “पण काका, मशीन थांबलं तरी तुम्ही तिथेच होतात. बाबा काय बोलले ते तुम्हीच सांगा. जसं आठवतं तसं. वाईट असलं तरी चालेल.”

मला ऐकू येत नाही, सुशांत.

आजकालचं नाही हे. मिलमध्ये साच्यांच्या खात्यात, मागांच्या खडखडाटात, बोलणं कानाने होतच नसे, समोरच्याचे ओठ बघून समजायचं. मिल गेली, कान त्याआधीच गेले होते. पुढे वॉचमनकी धरली. ज्याला गेटची घंटा ऐकू येत नाही असा वॉचमन कोण ठेवेल? म्हणून लपवलं. ओठ बघायचे, मान हलवायची, हसायचं. तुझ्या काकीला माहीत होतं. ती असेपर्यंत तीच माझे कान होती. किरणला वाटतं म्हातारा हट्टी आहे, हाक मारली तरी ओ देत नाही. बेल बिघडलेली नाही. फोनवर खरखरपण नाही.

दादाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. ओठ दिसत नव्हते. मास्क काढ म्हटलं असतं तर ओठ दिसले असते, पण मग श्वास? आणि मरणाच्या दारातल्या माणसाला ‘पुन्हा बोल’ तरी किती वेळा म्हणायचं? मला वाटलं, मशीन आहे ना. ते ऐकून घेईल, मी नंतर कानात बोंडं घालून, आवाज पुरा वाढवून ऐकेन. म्हणून निर्धास्त बसलो. मास्कच्या आतून वाफ यायची, जायची. त्याचे डोळे माझ्यावर. तो थांबला की मी म्हणायचो, “हो दादा.” पुन्हा बोलायचा. “होय होय, दादा.” त्याने माझा हात धरला, तेव्हा मी मोठ्याने म्हणालो, “करतो दादा, तू काळजी करू नको.” बहिरा माणूस मोठ्यानेच बोलतो. मशिनाने तेवढंच घेतलं.

काय करतो म्हणालो ते मला ठाऊक नाही.

पहाटे तो गेला. स्मशानात अंबादासने सगळ्यांसमोर मला विचारलं. गावच्या मंडळाचा तो अध्यक्ष, तो बोलताना मिशीमुळे ओठ नीट दिसत नाहीत, पण एवढं समजलं. “सीताराम, शेवटाक तू होतंस. सहदेवान काय सांगल्यान? आग कोणी देवची?” तू गेटपाशी होतास, तुझी बायको अनुपमा तुझ्या मागे. सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. तेव्हा म्हणायला हवं होतं की मला माहीत नाही. पण माहीत नाही म्हटलं की का माहीत नाही, ते आलं. मी म्हणालो, “मी दादाक शब्द दिलंय.” बस, इतकंच. खोटं नव्हतं ते. बाकीचं त्यांनी मनाने जोडलं. अंबादासने मडकं माझ्या खांद्यावर दिलं. तू पुढे आलास, दोन पावलं. मग थांबलास. मी ते पाहिलं आणि पाठ फिरवली.

मडकं खांद्यावर असताना मी स्वतःशी म्हणत होतो, घरी जाऊन मशीन ऐकू. दादाने तसंच सांगितलेलं असेल. तसंच असेल.

काल मानसीला खाली बसवलं आणि तिला पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आप्पा, मला केव्हाच कळलं होतं. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या तरी तुम्ही पेपर वाचत असता.” मग तिने ते पुन्हा पुन्हा लावून ऐकलं. माझ्या प्रत्येक ‘हो’नंतर मशीन जरासा वेळ चालू राहतं आणि मग थांबतं, असं ती म्हणाली. शेवटच्या ‘करतो’नंतर त्या एवढ्याशा फटीत दादाचा आवाज आहे. एकच शब्द. “सुशांताक…” आणि पुढे काही नाही.

सुशांताक. सुशांताक बोलव? सुशांताक हात लावूक देव नको? सुशांताक सांग, माझा चुकला? आमच्या दादाच्या तोंडात यातलं काहीही शोभलं असतं. मी रात्रभर प्रत्येक वाक्य जोडून पाहिलं. सगळी बसतात.

मानसी म्हणाली, “आप्पा, लिहून टाका ना की त्यांनी बोलावलं होतं. कोण बघायला आलंय? त्याच्या जिवाला बरं वाटेल.” मी पेन उचललं होतं. पण एकदा न ऐकलेलं ऐकलं म्हणून वागलो आणि तुझ्या हातून तुझ्या बापाची आग गेली. ती मी परत आणू शकत नाही. आता तेच पुन्हा करू? बाबांनी बोलावलं होतं असं लिहिलं, तर तू आयुष्यभर माझ्या शब्दाला बाबांचा शब्द समजशील. तेवढं करवत नाही. म्हणून जे आहे ते लिहिलं: काही माहीत नाही. शेवटी त्याच्या तोंडात तुझं नाव होतं, एवढंच माझ्याकडे आहे. हे चांगलं की वाईट, मला सांगता येत नाही.

मशीन मानसीच्या हाती पाठवतो आहे. सेल काढून वेगळे ठेवले आहेत. त्यातलं काही पुसू नकोस. बटण तू ठेवलंस याचा बोजा डोक्यावर घेऊ नकोस. ऐकायचं काम मशिनाचं नव्हतं, माझं होतं.

अंबादासला मी सांगणार आहे. रविवारी मंडळाची बैठक आहे, सगळे असतील. बहिरा म्हणतील, खोटा म्हणतील, म्हणू देत. मला कुठे ऐकू येणार आहे.

दादाच्या वर्षश्राद्धाला तू ये. अनुपमाला घेऊन ये, धम्मपाललाही. पिंड तू ठेव. मंडळातला कोणी आडवा आला तर मी आहे. त्या दिवशी देवापुढे गाऱ्हाणं कोणीतरी घालायला हवं. दादाचं तर भरलंच गेलं नाही, म्हणून तूच घाल, तुला येईल तसं, तुझ्या भाषेत. त्यात मला शिव्या घालायच्या असतील तर घाल. फक्त माझ्या समोर उभा राहा, उजेडात. तोंडावर हात धरू नकोस. मला तुझे ओठ दिसले पाहिजेत. या खेपेला समजेल तेव्हाच होय म्हणेन.

सौ. अनुपमास आशीर्वाद. तिच्या लग्नात द्यायचा राहिला होता.

तुझ्या हातचं मडकं खांद्यावर घेतलेला
काका सीताराम