सातव्या गोट्याच्या टाकाऊ ठिणग्या

३ तारीख, सोमवार
नोकरी पक्की झाली. साहेबांनी आज स्वतः सांगितलं आणि लगेच किल्ली हातात दिली. बंदरात तरंगता तराफा, त्यावर पत्र्याची खोली, खोलीत लेझरचं यंत्र आणि मी. तळाशी काळे गोटे पडलेत. ते कशाचे आहेत हे कळल्याशिवाय बंदर खोल करता येत नाही. भावोजी पाणबुडे. ते खाली जाऊन नळी गोट्याला टेकवतात, मी वर बटण दाबतो. गोट्यावर ठिणगी पडते, तिचा उजेड केबलमधून वर येतो आणि पडद्यावर उमटलेल्या रेषांवरून गोट्यात काय काय आहे ते कळतं. भावोजी सगळ्यांना सांगत होते, मेव्हण्याला चिकटवला खरा, पण आता हाच मला हुकूम सोडणार. ताईचा फोन आला. म्हणाली, माझा माणूस रोज धड घरी पाठव, बाकी तुमचं लेझर गेलं खड्ड्यात.

५ तारीख
सहा गोटे झाले. सगळ्यांत तेच: मँगॅनीज, लोखंड, थोडी वाळू. पहिल्या दहा ठिणग्या टाकून द्यायच्या असा नियम आहे, त्या नुसता वरचा गाळ उडवतात. मी नवखा, म्हणून टाकाऊही जपून ठेवतो. सातव्या गोट्याच्या टाकाऊत टायटॅनियम निघालं. साहेब म्हणाले, नळीचं टोक झिजलं असेल, उगाच केर चाळत बसू नकोस.

६ तारीख
पितळी टोक बसवलं. तरी सातव्यात टायटॅनियम वाढलं. सोबत ॲल्युमिनियम आणि व्हॅनेडियम, अगदी ठरावीक प्रमाणात. तक्त्यात शोधलं. हाड जोडायच्या पट्ट्या या धातूच्या करतात. भावोजींनी मांडीवर थाप मारली. म्हणाले, अपघातानंतर बसवलेली, ही बघ, जागच्या जागी आहे. मग म्हणाले, दोन दिवस पाय हलका वाटतोय खरा.

७ तारीख
भावोजी लंगडत आले. मी बळेच दवाखान्यात नेलं. तीनदा एक्स-रे काढला. हाडात स्क्रूंची भोकं आहेत, पट्टी नाही. मांडीवर नवा ओरखडासुद्धा नाही. काम थांबवा म्हणून साहेबांच्या मागे लागलो. ते म्हणाले, पुराव्याला सातव्याचं आणखी एक वाचन आण, मग थांबवतो. भावोजी तयार नव्हते. मीच गळ घातली. एकदाच उतरा म्हणालो.

८ तारीख
पहिल्या दहांत कॅल्शियम, सोबत फॉस्फरस. अकरावीत कॅल्शियम. पन्नासावीतही. मँगॅनीज नाही, लोखंड नाही. हाड. गोटा आतपर्यंत हाडाचा—
दोरी हलवून भावोजींना वर बोलावलं. आले. लंगडत नव्हते. तारेच्या यंत्राने त्यांना वर ओढणारा विंचवाला म्हणाला, भावोजी काय खाऊन आले खाली, तार तुटायची राहिली.

९ तारीख
भावोजी बोलत नाहीत. ताई म्हणते जेवलेही नाहीत, आणि बसल्याबरोबर पलंग मोडला. ती रडत होती. मी तिला काय सांगू, की मीच—
दुपारी ते खोलीत बसले होते, डोळे उघडे. नळी त्यांच्या नखाला टेकवली. बटण दाबलं. हलले नाहीत. रक्त नाही.
मँगॅनीज. लोखंड.
वर गाळ असेल. दहा टाकल्या. अकरावी—
थोडी वाळू.

१० तारीख, सकाळ
सातव्या गोट्याला खुणेची दोरी बांधलेली आहे. ती हलतेय. लाट नाही. तीन झटके, थांबून पुन्हा तीन. पाणबुडे असा निरोप देतात: वर ओढा.
ओढली. येत नाही. कुणीतरी खाली जाऊन सोडवायला हवी. विंचवाला अजून आलेला नाही. मला थांबवत नाही.
पोशाख चढवला. आठला उतरतो. ताईला धड माणूस—
तराफा दाराकडे कलतोय. ते आलेत.
माझ्या कमरेची दोरी हातात घेतली. कालपासून पहिल्यांदा बोलले. म्हणाले, तू जा खाली, वरून मी धरतो. मी त्यांना म्हणालो, तीन झटके आले की ओढा.