कावळा कुणाच्या शब्दाला शिवला

आबा,

तुम्हाला जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. समोर असता तर हे बोललो नसतो.

स्वराज्य येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी शाहूपुरीत गुळाच्या अडत दुकानात कारकून होतो. उसाच्या पाण्याच्या पाळीवरून भावकीतल्या एकानं थोरल्याला, माझ्या दादाला, मागून कुऱ्हाड घातली, असा निरोप आला. धावत घरी पोचलो तर अंगणात बैलगाडी उभी होती आणि थोरल्याचं डोकं तुमच्या धोतरात गुंडाळलेलं होतं. आंघोळ घालताना तुम्ही कुणाला हात लावू दिला नाहीत. पाणी लालच येत राहिलं, तुम्ही ओतत राहिलात.

मारणाऱ्याला पोलिसांनी नेलं, पण त्याचा धाकटा भाऊ घरीच होता. दोन दिवस भेटायला येणारी माणसं सोप्यात बसत. "सोन्यासारखं पोरगं हुतं," म्हणत, आणि लगेच, "आबा, रडून काय हुतंय? त्येंच्या घरातलं एक मढं काढा, मग डोळं पुसा." एकानं पिठलं-भाकरी आणली, ती खाली ठेवली आणि आपल्या कुऱ्हाडीच्या पात्यावर अंगठा फिरवून बघितला. सांत्वन म्हणून आपल्या घरी आलं ते एवढंच.

तिसऱ्या दिवशी पंचगंगेवर रक्षा सावडली. निवद ठेवलाय, कावळे झाडावर आहेत, एकही खाली येत नाही. पोरांना सांभाळतो असं सांगून झालं, वहिनीला अंतर देणार नाही असं सांगून झालं. ऊन चढतंय. मागे तीस-चाळीस माणसं काठ्या-कुऱ्हाडी घेऊन उभी. नदीवरूनच त्यांच्या घरावर जायचं ठरलंय. तुमचे धाकटे भाऊ, आमचे तात्या, पुढे आले.

"दादा, त्येला काय पायजे ते समद्यास्नी ठावं हाय. रगताला रगत म्हणा की. बघा कसा शिवतोय."

तुम्ही निवदावरच्या माश्या हाकलल्यात.

मागून कुणीतरी म्हणालं, "कावळ्यालाबी लाज हाय. भेकडाचा निवद न्हाय खात."

तात्यांनी तुमचा दंड धरून हिसडा दिला. "बाप हाईस का कोण?"

तुम्ही तात्यांच्या थोबाडीत अशी मारलीत की ते रक्षेच्या पाटीवर पडले. मग निवदापुढे हात जोडलेत. "लेकरा, माझ्या घरातलं कुणी कुणाला हात लावणार न्हाय. खा बाबा."

आणि कावळा उतरला.

मेलेल्यानंच कौल दिला म्हटल्यावर कोण काय बोलणार? माणसं काठ्या घेऊन आपापल्या घरी गेली.

तुम्ही बोलत होता तेव्हा मी तुमच्या मागेच हात जोडून उभा होतो. मीही मनात बोललो, दात आवळून: दादा, तुला मारणाऱ्याच्या धाकट्याला मी तोडतो. आपली दोघांची वाक्यं एकदमच संपली. कावळा कुणाच्या शब्दाला शिवला, ते मला अजून कळलेलं नाही.

पुढे सहा महिने मी पिशवीत कोयता घेऊन दुकानात जात होतो. एकदा तो धाकटा भाऊ ओढ्याच्या वाटेवर एकटाच समोर आला. "आबा बरं हाईत न्हवं?" म्हणाला. मी "व्हय" म्हणालो.

तुमच्या तिरडीला त्यानं खांदा दिला. तेव्हा लोक मला म्हणाले, "बापाचा शब्द पाळलास." मी मान हलवली. हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून लिहितो. शब्द पाळला नव्हता, आबा. त्या वाटेवर हात पिशवीत गेला होता. मला भीती वाटली.