अकराची जीप

तलासरी, शुक्रवार संध्याकाळ

डोकं फिरलंय नुसतं. आज पाड्यांवर घरोघरी मुलं तपासायला जाणाऱ्या आमच्या सुनंदाला कामावरून काढलं. साहेब म्हणाले, "कुपोषित मुलांना ही भेटतच नाही. जिथेतिथे 'घर बंद' लिहून मोकळी!" अहो, घर बंदच असतं! पाड्यावरची माणसं उजाडताच पोरांना घेऊन घोलवडला चिकूच्या वाड्यांत कामाला जातात. आणि तिला पाड्यावर नेणारी आमच्या ऑफिसची जीप निघते अकराला. सुनंदाच्या आधीच्या दोघींनाही ह्याच कारणावरून घालवलं. तिघीही कामचुकार? मी म्हटलं, "साहेब, जीप पहाटे सोडा ना." तर म्हणे, "ड्रायव्हरची ड्यूटी दहाला सुरू होते, मॅडम. नियम आहे." म्हणजे बाई बदलता येते, जीपची वेळ नाही! सोमवारी नवी मुलगी रुजू होतेय. साहेबांनी तिला आत्ताच बजावलंय, जीप बरोबर अकराला सुटते, उशीर चालणार नाही.